आतड्याचे दुखणे, मनाची काळजी आणि मेडिक्लेम

दामोदर सप्ताह जवळ आला की आमच्या मंडळात पारांची, फेरीची आणि पावसाची चर्चा सुरू होते. गेल्या वर्षी मूळचे पेडण्याचे, पंचेचाळिशीतले एक सभासद आले नाहीत. कारण विचारले तेव्हा हळूच म्हणाले, "त्या गर्दीत संडास कुठे शोधू?"

त्यांना अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. मोठ्या आतड्याला आतून सूज येते, जखमा होतात, रक्त पडते. दुखणे उसळले की दिवसातून दहा-बारा वेळा जावे लागते. क्रोन्स हा याच जातीचा दुसरा आजार, तो पचनमार्गात कुठेही होऊ शकतो. आपल्याकडे कोणी मूळव्याध समजून घरगुती औषधे करत बसतो. क्रोन्स तर आतड्याच्या टीबीसारखा दिसतो, त्यामुळे डॉक्टरांचीही फसगत होते.

हे दुखणे चारचौघांत सांगायचे नसते, अशी आपली समजूत. मग माणूस लग्नाला जात नाही, बसने पणजीला जात नाही, हळूहळू बोलेनासा होतो. जगभरचे अभ्यास एकत्र तपासले तेव्हा अशा रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांत चिंतेची आणि एक चतुर्थांश लोकांत नैराश्याची लक्षणे आढळली. दुखणे उसळलेले असताना हे प्रमाण आणखी वाढते. स्टेरॉइडच्या गोळ्यांनीही झोप उडते, चिडचिड होते. घरच्यांना वाटते, स्वभाव बिघडला.

आता पैशाचे. आमचे आयुष्य बँकेत गेले, त्यामुळे पॉलिसीची बारीक अक्षरे आम्ही वाचतोच. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचे कलम 21 सांगते की शारीरिक आजाराला जसा विमा, तसाच मानसिक आजाराला हवा. 2018 मध्ये विमा नियामकानेही कंपन्यांना तसे कळवले. ऐकायला छान. पण बहुतेक मेडिक्लेम रुग्णालयात दाखल झाल्यावरच पैसे देतात. समुपदेशन म्हणजे तासभर बसून बोलणे. त्यासाठी कोण खाटेवर झोपतो? ओपीडीचा खर्च आतड्याचाही मिळत नाही आणि मनाचाही. कायद्यातली समानता पाळली गेली, रुग्णाचा खिसा मात्र रिकामाच. अपंगत्वाच्या 2016 च्या कायद्यातील 21 प्रकारांतही हा आजार नाही.

गोव्यात सोय नाही असे नव्हे. गोमेकॉ बांबोळीला, मनोरुग्णांसाठीची सरकारी संस्थाही बांबोळीलाच. पण 'मेंटल'ला गेला, असे लोक म्हणतील या भीतीने तिकडे पाऊल वळत नाही. म्हणून आम्हाला 'संगाथ' या गोव्यातल्या संस्थेचा प्रयोग जास्त मोलाचा वाटतो. तिने डॉक्टर नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून तयार केले आणि इथल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ बैठका घडवल्या. रुग्णांना गुण आला, तो अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. पोटाच्या ओपीडीला येणाऱ्यांसाठी असा एक माणूस चिखलीच्या रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस बसवला, तर वास्कोकरांची बांबोळीची खेप वाचेल. सरकारकडे ही मागणी करायला हवी. तोवर 14416 हा टेली-मानसचा फोन आहे. पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलता येते.

यंदा सप्ताहाला मंडळाची खोली रात्रभर उघडी राहील. तिथला संडास देवळापासून पाच मिनिटांवर आहे. चावी मागावी लागणार नाही, कारणही कोणी विचारणार नाही. त्या सभासदांना आम्ही कळवले आहे, बघतो म्हणाले.