रोग झाल्यावर गोळी फुकट, होऊ नये म्हणून मागितली तर उपदेश!

"आधीच गोळ्या वाटल्या तर लोक मोकाट सुटतील." एचआयव्ही प्रतिबंधाचा विषय काढला की हे वाक्य येतंच. कधी पुढाऱ्याकडून, कधी चक्क डॉक्टरांकडून. म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय.

आधी औषधांचं बोलू. 2001 साली मुंबईच्या सिप्लानं तीन औषधांचा उपचार वर्षाला 350 डॉलरला देऊ केला. परदेशी कंपन्यांचा भाव तेव्हा दहा हजारांच्या वर होता. 1 एप्रिल 2004 पासून आपल्या सरकारनं तो उपचार फुकट सुरू केला. तेव्हाच्या गोळ्यांत स्टॅव्ह्युडीन असायचं. जीव वाचायचा, पण गाल बसायचे, पायांची आग व्हायची. आज टेनोफोविर, लॅमिव्ह्युडीन आणि डोल्युटेग्राविर एकाच गोळीत, दिवसातून एकदा. काहींचं वजन वाढतं, किडनीवर लक्ष ठेवावं लागतं, पण जुन्या गोळ्यांशी तुलनाच नको. नियमित घेऊन रक्तातला विषाणू तपासणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, की शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही.

प्रतिबंधाची गोळी, म्हणजे प्रेप, काही वेगळी जादू नाही. त्यात तेच टेनोफोविर, सोबत एम्ट्रिसिटाबिन. उपचाराला तीन औषधं आणि इथं दोनच का? शरीरात ठाण मांडलेला विषाणू सतत रूप बदलतो, दोन औषधांना पुरून उरू शकतो. नव्यानं शिरणाऱ्या मूठभर विषाणूला दोन पुरतात. म्हणूनच प्रेपच्या आधी आणि मधूनमधून एचआयव्ही तपासणी करावीच लागते.

त्यापुढचं पाऊल लेनाकापाविर. वर्षातून दोनदा इंजेक्शन. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीत ते 2,134 तरुणींना दिलं, एकीलाही लागण झाली नाही. अमेरिकेत त्याचा वर्षाचा भाव 28 हजार डॉलरच्या वर. आणि ते स्वस्तात बनवायचा परवाना मिळालेल्या सहा कंपन्यांत आपल्या पुण्याची एमक्युअर आहे! हैदराबादच्या दोन कंपन्यांनी तर 2027 पासून 120 देशांसाठी वर्षाला 40 डॉलरचा भाव जाहीर केलाय.

आता सांगा, मोकाट कोण? नवरा महिनोन्‌महिने ट्रकवर, त्याला निरोध वापर म्हणायची सोय नाही, ती बाई? जादा पैसे फेकून निरोध नको म्हणणाऱ्या गिऱ्हाइकापुढे उभी असलेली? घरात तोंड उघडू न शकणारा समलिंगी पोरगा? दवाखान्यात नर्सला सुई टोचली की आपण 72 तासांच्या आत गोळ्या सुरू करतो, 28 दिवस देतो. तिचं चारित्र्य विचारतो का? मग यांचं का विचारता?

हो, प्रेपनं गरमी-परमा थांबत नाही, निरोध लागतोच. पण ते गोळी नाकारायचं कारण होत नाही.

दुसरा आक्षेप खरा आहे: आधी रुग्णांना तरी पुरवा. 2022 मध्ये औषधांच्या तुटवड्यामुळे रुग्णांना दिल्लीत नाकोच्या दारात धरणं धरावं लागलं. 2017 च्या कायद्यातही उपचार 'शक्य तितका' द्यायचा, अशी पळवाट ठेवलीय. पण टळलेली प्रत्येक लागण म्हणजे जन्मभराच्या गोळ्यांचा वाचलेला खर्च. रुग्ण विरुद्ध निरोगी असं भांडण लावू नका. दोघांनाही द्या.

प्रेपच्या मार्गदर्शक सूचना कधीच निघाल्यात. सूचनेनं विषाणू अडत नाही. जोडीदार पॉझिटिव्ह असलेल्यांना निदान उपचार लागू पडेपर्यंत, आणि ज्यांना जास्त धोका आहे त्या सगळ्यांना, सिव्हिलमध्ये ही गोळी फुकट मिळाली पाहिजे. लेनाकापाविर आपल्या सरकारी कार्यक्रमात कधी, कोणत्या भावानं येणार, हेही जाहीर झालं पाहिजे.

तुमच्या आमदार-खासदारांना हे दोन प्रश्न विचारा. काय उत्तर मिळतं ते खाली कमेंटमध्ये लिहा.