पाच टोकांचा तारा

सोमाली लोकांचा स्वातंत्र्यदिन कोणता, याचे उत्तर एका तारखेत देता येत नाही. २६ जून १९६० रोजी उत्तरेकडील ब्रिटिश सोमालीलँड स्वतंत्र झाले. पाचच दिवसांनी, १ जुलैला, इटलीच्या प्रशासनाखालचा दक्षिण भाग स्वतंत्र झाला आणि त्याच दिवशी दोहोंचे एक प्रजासत्ताक बनले. २७ जून १९७७ रोजी जिबूती स्वतंत्र झाले. ते मात्र वेगळेच राहिले. आणि १८ मे १९९१ रोजी उत्तरेने ते १९६०चे एकीकरण मोडल्याचे जाहीर केले. आज हर्गेसात खरा उत्सव असतो तो या चौथ्या तारखेचा.

या गोंधळाचे मूळ ध्वजातच आहे. निळ्या पार्श्वभूमीवरचा पांढरा तारा १९५४ साली, म्हणजे स्वातंत्र्याआधीच ठरला. त्याची पाच टोके म्हणजे सोमाली वस्तीचे पाच प्रदेश: दोन स्वतंत्र होऊन एकत्र आले, उरलेले तीन फ्रेंचांकडे, इथिओपियाच्या ओगाडेनमध्ये आणि केनियाच्या उत्तरेत. ध्वज राज्यापेक्षा मोठा होता. त्यामुळे दर १ जुलैचा आनंद अर्धा मिळालेल्याचा आणि अर्धा न मिळालेल्यावरील हक्काचा असे. त्या हक्कापायी सियाद बारे यांच्या राजवटीने १९७७-७८ मध्ये ओगाडेनचे युद्ध ओढवून घेतले आणि गमावले. दहा वर्षांनी, १९८८ मध्ये, त्याच राजवटीच्या विमानांनी हर्गेसावर, स्वतःच्याच शहरावर, बाँब टाकले. त्यांपैकी एक मिग विमान आज तेथे स्मारक म्हणून उभे आहे.

अशा लोकांना 'एकजुटीने उत्सव साजरा करा' असे सांगणे सोपे आहे. पण ते अन्यायाचे होईल. भाषा एक, धर्म बहुतांशी एक, तरीही राज्य एक राहिले नाही. भाषेला राष्ट्राचा पाया मानणाऱ्या आपल्यासारख्यांनी यावर थांबून विचार करावा. एकात्मता ही रक्ताने किंवा भाषेने आपोआप मिळत नाही. ज्याच्या हाती सत्ता आहे, तो ती कशी वापरतो आणि कशी सोडतो, यावर ती उभी राहते.

म्हणूनच मला वाटते, सोमाली स्वातंत्र्याचा खरा अभिमानाचा क्षण वरच्या चारही तारखांत नाही. तो १९६७ सालचा आहे. पहिले राष्ट्राध्यक्ष आदन अब्दुल्ले उस्मान त्या वर्षी संसदेतील निवडणूक हरले आणि शांतपणे पायउतार झाले. नवस्वतंत्र आफ्रिकेत हे तेव्हा जवळजवळ अपूर्व होते. दोनच वर्षांनी त्यांच्या वारसदाराची हत्या झाली, लष्कराने सत्ता घेतली आणि तो धागा तुटला.

परकीय सत्ता गेली तो दिवस स्वातंत्र्याचा खराच. परंतु आपलाच सत्ताधीश हरल्यावर घरी जातो, तो दिवस स्वातंत्र्य टिकल्याचा. ताऱ्याची टोके किती, हा वाद चालूच राहील. उत्सव त्या दुसऱ्या दिवसाचाही व्हायला हवा. हर्गेसात आणि मोगादिशूतही.