सरकारी धर्म हवा? मग पंथ कोणता?
नागपूरच्या सदर भागात दोन जुनी कॅथेड्रल आहेत. ऑल सेंट्स मूळचं अँग्लिकन, सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथलिक. येशू एकच, पण इंग्रज सरकारचं अधिकृत चर्च अँग्लिकन.

खुद्द इंग्लंडात १८२९ पर्यंत कॅथलिकांना पार्लमेंटमध्ये बसता येत नव्हतं. राजा कॅथलिक चालत नाही, हा १७०१ चा कायदा आजही आहे. इकडे अँग्लिकन पाद्र्यांचा पगार हिंदुस्थानच्या तिजोरीतून जायचा, म्हणजे आपल्या पणजोबांच्या शेतसाऱ्यातून!

म्हणून मला घटनेचं कलम २७ मोलाचं वाटतं. कुठल्याही एका धर्माच्या किंवा पंथाच्या प्रसारासाठी कर भरायची सक्ती नाही.

सरकारला धर्म असावा म्हणणाऱ्यांनो, एवढंच सांगा: उद्या सरकारने निवडलेला पंथ तुमचा नसला तर?