संचालक मंडळासमोर तोडलेला हात

‘कॅप्रिका’ या अमेरिकी मालिकेत संचालक मंडळाची एक बैठक आहे. डॅनियल ग्रेस्टोन या उद्योगपतीला खुर्चीवरून उतरवायची सगळी तयारी झालेली. तो आपला नवा रोबो आत आणतो आणि त्याला हुकूम देतो, स्वतःचा हात उपटून टाक. रोबो उपटतो. मग डॅनियल समजावतो की हे नुसतं यंत्र नाही, ही कामगारांची नवी जमात आहे. हिला पगार नको, आजारपण नाही, निवृत्ती नाही, हक्क नाहीत, कुरकुर नाही. टेबलाभोवतीचे चेहरे खुलतात आणि खुर्ची वाचते. त्या रोबोच्या आत डॅनियलच्याच मेलेल्या मुलीच्या, झोईच्या मनाची प्रत जिवंत आहे. हे खोलीत कुणालाच ठाऊक नाही, बापालाही नाही. आपल्याला मात्र ठाऊक आहे.

हा प्रसंग बघताना मी खुर्चीत पुढे सरकलो. आमची सौ. उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिथून म्हणाली, ‘‘अहो, यातलं एक तरी माणूस चहाला बोलवावं असं आहे का?’’

नाही, हे मान्यच. डॅनियल प्रतिस्पर्ध्याची चिप गुंडांकरवी चोरतो आणि त्या चोरीत दोन माणसं मरतात. बायको अमांडा व्यवसायाने सर्जन. रेल्वेतल्या बॉम्बस्फोटात झोईसह गेलेल्यांच्या शोकसभेत ती पूर्ण माहिती नसताना जाहीर करून टाकते की आपली मुलगी दहशतवादी होती. शाळेची मुख्याध्यापिका सिस्टर क्लॅरिस देवाच्या नावाने पोरांना अतिरेकी गटात ओढते. वकील जोसेफ अडामा न्यायाधीशाला लाच पोचवतो. स्फोटात त्याची बायको आणि मुलगी गेली, म्हणून ‘हिशेब बरोबर’ करायला तो गुंड भावाला ग्रेस्टोनची बायको मारायला सांगतो, मग माघार घेतो. झोई स्वतःही हट्टी आणि तोंडाळ पोरगी.

सौ.सारखीच तक्रार बऱ्याच प्रेक्षकांची होती, आणि हा जोसेफच त्यांच्या जास्त जिव्हारी लागला असावा. ‘कॅप्रिका’ ही ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ची पूर्वकथा, काळ अठ्ठावन्न वर्षं आधीचा. २००९ मध्ये संपलेल्या त्या मूळ मालिकेत माणसांनीच बनवलेले सायलॉन रोबो बारा जगं बेचिराख करतात. उरलेली थोडी माणसं वाचवतो अ‍ॅडमिरल अडामा. त्याच्या वडिलांचं, म्हणजे याच जोसेफचं, नाव तिथं आदराने निघतं. त्यांची कायद्याची पुस्तकं नातवाच्या हाती येतात आणि तो ती घेऊन न्यायालयात उभा राहतो. आणि पूर्वकथेत बघावं तर हे पूज्य वडील पाकिटं पोचवणारे! देवघरातल्या तसबिरीमागे पालीची अंडी सापडावीत तसं झालं हे.

पण मला विचाराल तर मालिकेने हेच बरोबर केलं.

मी आयुष्यभर भोसरीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत क्वालिटीचं काम केलं. खराब माल बाहेर कसा जातो ते मी जवळून पाहिलंय. गाडी गेटवर उभी असते. ग्राहकाची लाइन थांबेल म्हणून फोनवर फोन येत असतात. वेल्डिंगमध्ये छिद्रं दिसतायत, मी पीस बाजूला काढलेत, आणि मॅनेजर म्हणतो, डेव्हिएशनवर, म्हणजे दोष नोंदवून खास परवानगीने, सोडा, सही मी करतो. तो दुष्ट नसतो. संध्याकाळी मुलीच्या क्लासची फी भरायला जायचं असतं त्याला. तो मला आवडत नसे, एवढंच. पुढे वेल्डिंगचे रोबो यायचे होते तेव्हा एका सादरीकरणात पडद्यावर जवळजवळ डॅनियलचीच यादी झळकली होती: रजा नाही, चहाची सुट्टी नाही, युनियन नाही. टेबलाभोवतीचे चेहरे तिथंही खुलले होते.

सांगायचं ते हे की अनर्थ घडतो तेव्हा सुरुवातीच्या कागदांवर अशाच माणसांच्या सह्या असतात. पूर्वकथेत शेवट आधीच ठाऊक असतो. बारा जगं जळणार आहेत हे ठाऊक असूनही जो बघायला बसतो, त्याला पुढे काय होतं यापेक्षा हे कुणी केलं आणि कशासाठी केलं हे हवं असतं. तिथं सगळी माणसं लोभस निघाली तर अनर्थ कुणी केलाच नाही, आपोआप झाला, असं मानावं लागेल. महाभारत ऐकणाऱ्याला शेवट पाठ असतो, तरी तो द्यूतसभेपाशी थांबतो. त्या सभेत विदुर बोलला, विकर्ण बोलला. बाकी थोरामोठ्यांपैकी त्या दिवशी जीव लावावा असा एक दाखवा. भीष्मसुद्धा नाही.

तरीही सौ.च्या तक्रारीत तथ्य आहे. श्रीराम लागूंनी १९७० मध्ये तेंडुलकरांचं ‘गिधाडे’ रंगमंचावर आणलं. त्या घरातही भलं म्हणावं असं माणूस शोधून काढावं लागतं. पण नाटक एका रात्रीचं असतं, पडदा पडला की आपण घरी. मालिका दर आठवड्याला घरात येते आणि महिनोन्‌महिने मुक्काम करते. दिवसभर ऑफिसात जी तोंडं सहन केली तीच रात्री जेवताना समोर कशाला, असं कुणी म्हटलं तर त्याला अडाणी ठरवण्यात अर्थ नाही.

मग न आवडणारी माणसं प्रेक्षक कधी सोसतो? ‘अँडोर’ बघताना याचं उत्तर मिळालं. हीसुद्धा पूर्वकथाच, ‘रोग वन’ या २०१६ च्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटाची, आणि नायक कॅसियन शेवटी मरतो हे तो चित्रपट पाहिलेल्याला माहीत असतं. पहिल्याच भागात हा नायक दयेची याचना करणाऱ्या रखवालदाराला समोरून गोळी घालतो. तरीही मालिकेचं कौतुक झालं आणि तिचा कर्ता टोनी गिलरॉयने तिचे चोवीस भाग पूर्ण केले.

त्यातलं नार्किना ५ चं कारागृह मी पुन्हा पुन्हा पाहतो. कैदी बारा-बारा तासांच्या पाळीत यंत्राचे भाग जोडतात. एका टेबलावर सात जण, एका खोलीत सात टेबलं. मागे पडलेल्या टेबलाला फरशीतून विजेचा झटका, पहिल्या आलेल्याला जेवणात चव. ज्याने ते लिहिलं त्याने शॉप फ्लोअर बघितला असणार, पैज लावतो. तिथला मुकादम किनो लॉय पहिल्यांदा भेटतो तेव्हा निव्वळ नावडता. शिक्षेचे थोडे दिवस उरलेत, ते शांतपणे मोजून बाहेर पडायचं आणि तोवर टेबलं पळवायची, बस्स. मग कळतं की इथून कुणालाच सोडत नाहीत, आणि तोच किनो सगळं कारागृह उठवतो. सगळा मामला तीन भागांचा. कैदी जे भाग जोडत होते ते डेथ स्टार या महाविनाशक शस्त्रात बसवले जाताना आपल्याला पहिल्या पर्वाच्या अखेरीस, नामावली संपल्यावर, दाखवतात. काम करणाऱ्यांना ते कधीच कळलेलं नसतं.

गंमत म्हणजे सौ. ‘अँडोर’ला खिळून बसली, आणि कुणासाठी? डेड्रा मीरोसाठी. साम्राज्याच्या गुप्तहेर खात्यातली थंड डोक्याची अधिकारी, कैद्यांचा छळ करवताना पापणी न हलवणारी. ‘‘बाई वाईट आहे,’’ सौ. म्हणाली, ‘‘पण कामाला किती चोख! आणि त्या मीटिंगमधले पुरुष बघा, हिचं ऐकून तरी घेतात का?’’ डेड्राला काय हवंय ते तिला प्रत्येक प्रसंगात कळत होतं. अमांडाला काय हवंय ते कळलं नव्हतं.

‘कॅप्रिका’ इथं कमी पडली. डॅनियलचे प्रसंग धारदार आहेत. रोबोत मुलगी आहे असा संशय आल्यावर तो त्याच्याभोवती आग लावतो, मग घरच्याच कुत्र्यावर गोळी झाडायला सांगतो. काडतुसं खोटी असतात, तरी ते बघवत नाही. पण एवढं झालं की कथा उठून आभासी शहरातल्या खेळात जाते, तिथून क्लॅरिसच्या भल्याथोरल्या कुटुंबात, तिथून गुंडांच्या टोळीत. माणसं न आवडणं वेगळं आणि त्यांच्यापाशी पुरेसा वेळ बसायलाच न मिळणं वेगळं. बऱ्याच जणांनी दुसऱ्या दुखण्याला पहिल्याचं नाव दिलं, असं मला वाटतं.

‘कॅप्रिका’ दाखवणाऱ्या सायफाय वाहिनीनेही तेच केलं. जानेवारी २०१० मध्ये मालिका सुरू झाली, मार्चअखेर थांबवली, ऑक्टोबरात परत आणली आणि त्याच महिन्यात बंद केली. अठरापैकी उरलेले पाच भाग ४ जानेवारी २०११ ला एका रात्रीत उरकले. त्याआधीच नव्या पूर्वकथेची, ‘ब्लड अँड क्रोम’ची घोषणा झाली होती: तरुण अडामा, लढाऊ वैमानिक, अंतराळात धुमश्चक्री. कुणालाही आवडावा असा नायक. तिची मालिका झालीच नाही. २०१२ मध्ये ती तुकड्यातुकड्यांत इंटरनेटवर सोडून दिली.

आता पाळी ‘एलियन: अर्थ’ या मालिकेची. १९७९ च्या ‘एलियन’ चित्रपटातल्या घटनांच्या दोन वर्षं आधीची ही गोष्ट. मरणाच्या दारातल्या मुलांची मनं कृत्रिम शरीरांत घालणारा बॉय कॅव्हलियर नावाचा अनवाणी हिंडणारा कोट्यधीश तिच्यात आहे. माझा मुलगा आणि त्याचे मित्र म्हणतात, बाबा, यातलं कुणीच आवडत नाही. परग्रहावरच्या जिवांसमोर तिथले शास्त्रज्ञ जो हलगर्जीपणा करतात तो मलाही खटकला. पटकथेने ती माणसं सोयीसाठी मूर्ख केली आहेत. हा दोष लिहून घेतो. मालक आवडत नाही ही नोंद मात्र मी रिजेक्शन रजिस्टरमध्ये करणार नाही.