मलंगच्या वाटेवर कुठली पाटी हवी?

थंडी पडली की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या पोरांच्या स्टेटसवर डोंगर दिसू लागतात. लोकलच्या दारातून पश्चिमेला जी रांग दिसते तिच्यात मलंगगड आहे, चंदेरी आहे, आणि पुढे माथेरान. आपल्याकडे बर्फ नाही, पण चढायचा मोसम तोच.

युरोपात आल्प्सच्या डोंगरांत याच दिवसांत लोक पायांना रुंद जाळीदार 'स्नोशू' बांधून बर्फावरून चालत माथ्यापर्यंत जातात. बर्फात पायवाट बुजते, म्हणून स्वित्झर्लंडमध्ये हिवाळी वाटांवर गुलाबी रंगाच्या खुणा असतात. तिथल्या उन्हाळी वाटांच्या पिवळ्या पाट्यांवर किलोमीटर नव्हे, वेळ लिहिलेली असते: अमुक ठिकाण, दीड तास. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. डोंगरात अंतर किती हे कळून उपयोग नसतो. अंधार पडायच्या आत परत येता येईल का, एवढंच कळायला हवं.

आता आपल्या मलंगकडे या. माघ पौर्णिमेला उरूस असतो. हजारो माणसं पायऱ्या चढतात. नवस फेडायला आलेल्या म्हाताऱ्या, कडेवर लेकरू घेतलेल्या बाया, चादर घेऊन निघालेली मंडळी, आणि त्याच गर्दीत पाठीवर सॅक लावलेले ट्रेकर. डोंगर एकच असला तरी सगळ्यांना एकाच ठिकाणी जायचं नसतं. दर्गा खालच्या माचीवर आहे. किल्ला त्याच्या वर. सोनमाचीच्या पुढे बालेकिल्ल्याकडे जायचं तर दरीवरून टाकलेला पाइप दोरीच्या आधाराने ओलांडावा लागतो. ते सरावलेल्यांचं काम आहे. जियारत झाली, आता जरा वर जाऊन फोटो काढू, म्हणून चपलेवर निघालेल्या पोराचं नाही.

म्हणजे 'हाजी मलंग' आणि 'मलंगगड' ही दोन्ही नावं पाटीवर लागणारच. एक बाण दर्ग्याकडे, दुसरा किल्ल्याकडे. पण इथेच आपलं घोडं पेंड खातं. १९८० च्या दशकात आनंद दिघे यांनी इथे मच्छिंद्रनाथांची समाधी असल्याचं सांगत आंदोलन उभं केलं. तेव्हापासून या डोंगराला कुठल्या नावाने हाक मारली, यावरून माणसाची बाजू ठरवली जाते. आपल्यातलेही काही 'मलंगगड' म्हणायला कचरतात. का, ते मला कळत नाही. किल्ला किल्लाच आहे. १७८० मध्ये इंग्रजांच्या कॅप्टन ॲबिंग्टनने त्याला वेढा घातला होता, तो काही दर्ग्याला नव्हे.

मालकीचा वाद तर त्याहून जुना. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरमध्ये त्याची हकीकत आहे. कल्याणचे काशिनाथपंत केतकर पेशव्यांच्या वतीने दर्ग्यावर चादर घेऊन आले आणि व्यवस्था त्यांच्याकडे राहिली. १८१७ मध्ये त्यावर हरकत घेतली गेली, तेव्हा बाबांचीच मर्जी बघू म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. तिन्ही वेळा केतकरांच्या माणसाचं नाव निघालं. कुणी याला करामत म्हणेल, कुणी योगायोग. त्यानंतर पिढ्यान् पिढ्या एक ब्राह्मण कुटुंब दर्ग्याची वहिवाट पाहत आलं, हे मात्र खरं.

हा वाद कोर्टात चालायचा तेवढा चालो. पाट्यांनी निकालाची वाट कशाला बघायची? प्रत्येक टप्प्यावर, संथ चालणाऱ्याला दर्ग्यापर्यंत अजून किती मिनिटं, ते लिहा. पाणी कुठे, सावली कुठे, ते लिहा. पायऱ्या सोडून किल्ल्याची वाट जिथे सुटते तिथे मोठी लाल पाटी: दोर आणि माहीतगार सोबत नसेल तर इथून मागे फिरा. मराठीत, उर्दूत, हिंदीत. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चित्र.

खर्च काही लाखोंचा नाही. ट्रस्ट, ग्रामपंचायत आणि वनखातं यांनी एकदा एकत्र बसायला हवं. पुढाकार ट्रेकिंग क्लबांनी घेतला तरी चालेल. आणि आपल्या मोहल्ल्यांतल्या ज्या कमिट्या उरुसाला पाणी वाटतात त्यांनी घेतला तर जास्त बरं. वेळ मोजायला मात्र पळणारी पोरं पाठवू नका. साठीच्या एखाद्या खालांना बरोबर घ्या, त्या जिथे जिथे टेकतील तिथे खूण करा. पाटीची जागा तीच.