नकाशाची सही आणि नकाशाची निगा

शहराचे नगररचना खाते आणि विद्यापीठ जीआयएस समाईक वापरतात, तेव्हा चार गोष्टींची वाटणी होते: हवाई छायाचित्रांसारखी मूळ माहिती, ती साठवणारे सर्व्हर, सॉफ्टवेअरचे परवाने आणि हे सगळे चालवणारी माणसे. जीआयएस म्हणजे थरांनी रचलेला नकाशा. तळाशी जमिनीची उंची, वर भूखंडांच्या हद्दी, त्यावर रस्ते, जलवाहिन्या, मॅनहोल, पूररेषा आणि झोनिंग. एक थर जुना राहिला की त्यावर आधारलेला प्रत्येक निर्णय चुकतो. त्यामुळे नकाशा काढण्यापेक्षा तो रोज दुरुस्त ठेवणे हे मोठे काम असते.

इलिनॉय राज्यातल्या नेपरव्हिलकडे पाहिले की या कामाचा आवाका कळतो. १८३१ मध्ये जोसेफ नेपरने वसवलेल्या या गावाची लोकसंख्या १९८० मध्ये ४२,३३० होती. २०२० च्या जनगणनेत ती १,४९,५४० भरली. चाळीस वर्षांत शहर साडेतीन पट झाले आणि मक्याच्या शेतांचे प्लॉट पडले. शहर ड्युपेज आणि विल अशा दोन काउंट्यांत पसरलेले आहे, वीजवितरण शहराच्या मालकीचे आहे, आणि मधून ड्युपेज नदीचा पश्चिम फाटा वाहतो. इतक्या बदलांचा नकाशा एका कार्यालयाने एकट्याने सांभाळावा, की विद्यापीठाचा हात धरावा, हा प्रश्न अशा शहरांत उठणारच.

हात धरू नये, असे मत नगररचनेच्या वर्तुळात ठासून मांडले जाते. त्या पक्षाचे म्हणणे थोडक्यात असे: शहराचा नकाशा हा अधिकृत दस्तऐवज आहे आणि चूक झाली तर उत्तर शहराला द्यावे लागते, विद्यापीठात नकाशे विद्यार्थी काढतात आणि विद्यार्थी शिकताना चुकतात, शिवाय विद्यापीठाची सत्रे, सुट्या आणि शोधनिबंध शहराच्या गरजेला जुळत नाहीत, नागरिकांची माहिती बाहेर जाते, आणि बाजारात तयार सेवा मिळत असताना हा खटाटोप कशाला? हे मत मांडणारे बहुधा नकाशा विकत घेणारे असतात, नकाशा राखणारे नसतात.

यातला जबाबदारीचा आक्षेप सर्वांत वजनदार वाटतो, म्हणून तोच आधी तपासावा. नकाशातल्या चुका विद्यार्थ्याच्या हातून होतात, असे त्यात गृहीत धरले आहे. चुका कुठे होतात हे पाहायला नेपरव्हिलच्याच दोन भूखंडांकडे जावे. ड्युपेज काउंटीत भूखंड क्रमांक दहा आकडी असतो: पहिले दोन आकडे टाउनशिपचे, पुढचे दोन सेक्शनचे, मग तीन गटाचे आणि तीन भूखंडाचे. विल काउंटीत तोच क्रमांक सोळा आकडी असतो. शहर एक, पाण्याचे बिल एका कार्यालयाचे, पण घराची ओळख दोन तऱ्हांनी लिहिलेली. काउंटीच्या सीमेवर पाठीला पाठ लावून असलेल्या दोन घरांची मागची कुंपणरेषा एकच असते, आणि ती दोन कार्यालयांनी वेगवेगळी आखलेली असते. अशा दोन रेषा संगणकात एकमेकींवर ठेवल्या की कुठे फट राहते, कुठे एक रेषा दुसरीवर चढते. त्या फटीला संगणक स्वतंत्र भूखंड समजतो, ज्याला ना मालक, ना कर. ही चूक कुठल्याही विद्यार्थ्याने केलेली नसते. दोन्ही कार्यालयांत पगारी, अनुभवी माणसे बसलेली असतात. चूक सांध्यावर होते, आणि सांधा जुळवायला दोन्ही बाजूंची माहिती एका टेबलावर आणणारा कोणी तरी लागतो.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हा सांधा नवा नाही. सातबाऱ्यावरचे क्षेत्र, मोजणीच्या ‘क’ प्रतीवरचे क्षेत्र आणि विकास आराखड्यातले क्षेत्र यांचा मेळ न बसल्याने अडकलेली घरे प्रत्येक तालुक्यात सापडतात. मापाची साखळीसुद्धा दोन्हीकडे एकाच घराण्यातली. इलिनॉयचे चौरस मैलाचे सेक्शन ६६ फुटी गुंटर साखळीने मोजले गेले. मुंबई इलाख्यात १८३५ नंतर इंदापुरातून सुरू झालेल्या जमीन मोजणीत तिच्या निम्मी, ३३ फुटी साखळी वापरात आली. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागेला गुंठा म्हणतात, आणि ४० गुंठ्यांचा एकर होतो. हा एकर नेपरव्हिलच्या एकराइतकाच. साखळी जुळते, जुळत नाहीत त्या कार्यालयांच्या नोंदी.

‘अधिकृत’ या शब्दाचाही आक्षेपात गैरवापर होतो. जीआयएसवरची भूखंडरेषा हा हद्दीचा कायदेशीर पुरावा नसतो. इलिनॉयमध्ये हद्द ठरते ती परवानाधारक भूमापकाच्या मोजणीने आणि नोंदलेल्या दस्ताने. हद्दीचा दावा कोर्टात उभा राहिला तर भूमापकाची सही पाहिली जाते. ही सही विद्यापीठाकडे द्या, असे कोणीही म्हटलेले नाही. सही आणि निगा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि विरोधी पक्षाचा सारा युक्तिवाद त्या एकच मानण्यावर उभा आहे. सही शहराची राहून निगा दोघांनी राखता येते. रुग्णालयात शिकाऊ डॉक्टर तपासतो आणि वरिष्ठ डॉक्टर सही करतो. तेवढ्यावरून वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये बंद करा, असे कोणी म्हणत नाही.

विद्यापीठ दूर ठेवल्याने चुका टळतात, या समजुतीला मुंबईने मोठे उत्तर दिले आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम २५ नुसार आराखड्याआधी विद्यमान जमीनवापराचा नकाशा करावा लागतो. मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या आराखड्यासाठी खाजगी सल्लागार नेमले होते. मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. उभ्या इमारतींतून रस्ते गेलेले, वारसा वास्तू आणि प्रार्थनास्थळे भलत्याच वापरात दाखवलेली, अशा चुका नागरिकांनी घराघरांतून दाखवून दिल्या. एप्रिलमध्ये तो मसुदा बाजूला ठेवून दुरुस्त करण्याचा आदेश निघाला, आणि आराखडा मंजूर व्हायला २०१८ उजाडले. तीन वर्षे गेली. या कामात चुकणारा विद्यार्थी नव्हता. गल्ली पायी फिरून नकाशा पडताळणारे डोळे कमी पडले होते, आणि असे डोळे शहराच्या महाविद्यालयांत दरवर्षी नव्याने भरती होतात.

विद्यापीठाचे आकडे शहराच्या कारभारात चालणार नाहीत, असे म्हणणाऱ्यांनी नेपरव्हिलमधले पावसाचे पाणी अडवणारे एखादे तळे पाहावे. नव्या वसाहतीत असे तळे खोदावे लागते, आणि त्याचे माप पावसाच्या आकड्यावर ठरते. ईशान्य इलिनॉयसाठी तो आकडा दिला इलिनॉय स्टेट वॉटर सर्व्हेने. ही संस्था १८९५ मध्ये इलिनॉय विद्यापीठात सुरू झाली, मधली अनेक दशके राज्य सरकारच्या खात्यात गेली आणि २००८ मध्ये पुन्हा विद्यापीठात आली. तिच्या १९८९ च्या ७० क्रमांकाच्या बुलेटिनमध्ये २४ तासांच्या ‘शंभर वर्षांतून एकदा’ पडणाऱ्या पावसाचे माप ७.५८ इंच होते. २०२० च्या ७५ क्रमांकाच्या बुलेटिनमध्ये ते ८.५७ इंच झाले. फरक जवळजवळ एक इंचाचा. सेक्शनचा सोळावा हिस्सा म्हणजे ४० एकर. तेवढ्या जागेवर एक इंच जास्त पाऊस म्हणजे सुमारे ४१ लाख लिटर जास्त पाणी. हे पाणी तळ्यात मावले नाही तर शेजारच्या तळघरात जाते. जुलै १९९६ मध्ये नेपरव्हिलला लागून असलेल्या अरोरात २४ तासांत १६.९१ इंच पाऊस पडला, तो राज्याचा विक्रम ठरला, आणि नेपरव्हिलच्या घरांतही पाणी शिरले. ज्याने ते पाणी उपसले, त्याला पावसाचा आकडा विद्यापीठाकडून आला याची अडचण वाटत नाही. आकडा जुना राहिला असता तर वाटली असती.

उंचीच्या थराचीही हीच गोष्ट. विमानातून लेसर सोडून जमिनीची उंची मोजण्याच्या लायडार पद्धतीने राज्याच्या सगळ्या १०२ काउंट्यांची माहिती इलिनॉय स्टेट जिऑलॉजिकल सर्व्हे सांभाळते आणि कोणालाही विनामूल्य देते. हीही संस्था इलिनॉय विद्यापीठाचाच भाग आहे. म्हणजे नकाशाचा सर्वांत खालचा थर आधीपासूनच विद्यापीठाच्या निगराणीत आहे. वरच्या थरांपाशी आल्यावर तेच विद्यापीठ अचानक बेजबाबदार कसे ठरते, याचे उत्तर विरोधकांनी द्यायला हवे.

बाजारातून तयार सेवा घ्यावी, हा सल्ला देणाऱ्यांना त्या सेवेचा जन्म ठाऊक नसावा. संगणकावर नकाशा काढणारा ‘सिमॅप’ हा आरंभीचा प्रोग्राम शिकागोचे वास्तुविशारद हॉवर्ड फिशर यांनी १९६३-६४ च्या सुमारास नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात आकाराला आणला. नेपरव्हिलहून ते ठिकाण मोटारीने तासा-दीड तासावर आहे. १९६५ मध्ये फिशर हार्वर्डला गेले आणि तिथे त्यांनी संगणकीय आलेखनाची प्रयोगशाळा काढली. त्या प्रयोगशाळेत काम केलेल्या जॅक डेंजरमंड यांनी १९६९ मध्ये पत्नी लॉरा यांच्यासह एस्री ही कंपनी स्थापन केली. आज जगभरच्या नगरपालिका जे सॉफ्टवेअर भाडे भरून वापरतात, त्याचे मूळ विद्यापीठाच्या खोलीत आहे. विक्रेत्याकडून घ्यावेही, पण सेवा संपली की विक्रेत्याची माणसे निघून जातात आणि नकाशा कसा घडला याची आठवणही त्यांच्याबरोबर जाते. हाच वाद संगणकाआधीही झाला होता, जेव्हा नगररचनाकार आराखडे बाहेरून काढून आणत आणि कपाटात ठेवत. कपाटांची जागा सर्व्हरने घेतली, वाद तसाच राहिला.

उरलेले आक्षेप लहान आहेत. सत्रे आणि सुट्यांची अडचण एका कायम नेमलेल्या तंत्रज्ञाने सुटते. खर्चाचे म्हणाल तर एकाच जमिनीची छायाचित्रे दोन विमानांनी काढण्याचे पैसे नागरिकच दोनदा भरतो.

नागरिकांच्या खाजगीपणाचा आक्षेप मात्र खरा आहे आणि त्याला मान दिला पाहिजे. नेपरव्हिलने वीजमीटर बदलले तेव्हा दर १५ मिनिटांची वीजवापराची नोंद शहराकडे जमू लागली. नागरिकांच्या एका गटाने त्याला कोर्टात आव्हान दिले. २०१८ मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयाने निकाल दिला की अशी नोंद घेणे ही घटनेच्या अर्थाने झडती आहे, पण या प्रकरणात ती वाजवी आहे. यातून घ्यायचा धडा असा की घरातल्या वापराची माहिती नकाशाच्या समाईक थरांत येताच कामा नये. मॅनहोलची जागा आणि जमिनीची उंची विद्यापीठाला द्यावी. मीटरची नोंद देऊ नये. या कारणासाठी सगळाच करार नाकारणे म्हणजे उंदराच्या भीतीने घर जाळणे.

करार कसा असावा, याचा नमुना राज्यातच आहे. शॅम्पेन काउंटीच्या जीआयएस संघात काउंटी, शॅम्पेन आणि अर्बाना ही शहरे, सव्हॉय, महोमेट यांसारखी गावे आणि इलिनॉय विद्यापीठ सभासद आहेत. पायाभूत नकाशा एक, खर्चाचा वाटा प्रत्येकाचा, निर्णय ज्याचा त्याचा. कायद्याचीही आडकाठी नाही: इलिनॉयच्या १९७० च्या राज्यघटनेतले सातव्या प्रकरणाचे दहावे कलम स्थानिक संस्थांना आपापसांत आणि राज्याशी करार करून सेवा वाटून घेण्याची मुभा देते. नॉर्दर्न इलिनॉय विद्यापीठाने तर २००० मध्ये नेपरव्हिलमध्येच डील रोडवर केंद्र उघडले. महाराष्ट्रानेही २०१६ मध्ये उन्नत महाराष्ट्र अभियानातून अभियांत्रिकी महाविद्यालयांना जिल्हा प्रशासनाच्या कामांशी जोडण्याचा मार्ग आखला.

करारात चार कलमे ठळक हवीत. प्रत्येक थराचा धनी कोण, हे नावानिशी लिहावे. प्रत्येक थरावर शेवटच्या दुरुस्तीची तारीख असावी. विद्यार्थ्याने केलेला बदल शहराच्या तंत्रज्ञाने तपासल्याशिवाय अधिकृत प्रतीत जाऊ नये. आणि करार मोडला तर सारी माहिती, ती कशी घडली याच्या टिपणांसह, शहराकडे परत यावी.

नेपरव्हिलमध्ये मराठी कुटुंबे आहेत, आणि त्यांतली बरीचशी घरमालक आहेत. नगर परिषदेच्या नियमित सभा महिन्यातून दोन मंगळवारी संध्याकाळी होतात, आणि नागरिकांना तिथे बोलता येते. आपल्या घराचा भूखंड क्रमांक काउंटीच्या नकाशावर उघडून पाहावा, मागची कुंपणरेषा शेजाऱ्याच्या रेषेशी जुळते का ते तपासावे, आणि जुळत नसेल तर तो कागद घेऊन सभेला जावे.