भुंगेऱ्याची साक्ष



औंध, खटाव, माण, आटपाडी हा सारा दुष्काळी पट्टा. इकडे वळवाची चांगली सर पडली की संध्याकाळी जमिनीतून हुमणीचे भुंगेरे निघतात आणि कडुलिंबावर, बाभळीवर जाऊन बसतात. आजी म्हणते, "पूर्वी पाऊस असा नव्हता." आजीचे खरे असेल. पण तिची आठवण साठ-सत्तर वर्षांची. त्यामागच्या हजारो वर्षांचे हवामान कोणाला विचारायचे?

भुंगेऱ्यालाच विचारता येते!

इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठाचे रसेल कूप यांनी १९५० च्या दशकापासून हे काम केले. भुंगेऱ्याच्या पाठीचे कवच टणक असते. ते दलदलीच्या गाळात पडले आणि त्याला हवा लागली नाही, तर हजारो वर्षे टिकते. शास्त्रज्ञ तो गाळ चाळणीत धुतात, त्यात रॉकेल कालवतात आणि पाणी ओततात. रॉकेल कवचाला चिकटते व कवच तरंगून वर येते. मग सूक्ष्मदर्शकाखाली आजच्या भुंगेऱ्यांशी ताडून त्याची जात ओळखतात.

प्रत्येक जातीला ठराविक थंडी-उष्णता मानवते. हवा बदलली की भुंगेरे मुक्काम हलवतात. एका थरात दहा जाती सापडल्या, तर त्या दहाही जिथे एकत्र जगू शकतील, तेच त्या काळचे तापमान. एकाची साक्ष चुकेल, दहांची सहसा चुकत नाही. शेणावर जगणारा एक भुंगेरा आज तिबेटच्या उंच पठारावर राहतो. ब्रिटनच्या हिमयुगातील गाळात तो भरपूर सापडला! अशाच साक्षींवरून अ‍ॅटकिन्सन, ब्रिफा आणि कूप यांनी १९८७ मध्ये ब्रिटनच्या गेल्या २२,००० वर्षांच्या तापमानाचा आलेख मांडला.

आपल्याकडची जमीन उन्हाळ्यात भेगाळते, हवा आत शिरते आणि कवचे कुजतात. म्हणून इथे दुसरे साक्षीदार शोधावे लागतात. आपल्याच सातारा जिल्ह्यात कास पठारावरील एका हंगामी तळ्याचा गाळ पुण्याची आघारकर संशोधन संस्था आणि तिरुअनंतपुरमचे पृथ्वी विज्ञान अभ्यास केंद्र यांनी तपासला. त्यातले फुलांचे पराग आणि पाण्यातील सूक्ष्म शेवाळाची कवचे त्यांनी पाहिली. २०२२ मध्ये निष्कर्ष जाहीर झाला. सुमारे साडेआठ हजार वर्षांपूर्वी भरपूर पावसाचे दिवस सरून कोरडे दिवस आले. सुमारे २,८०० वर्षांपूर्वीही पाऊस मंदावला होता. गेल्या हजार वर्षांच्या थरांत मात्र पाणी गढूळ करणाऱ्या माणसांच्या आणि गुराढोरांच्या वावराच्या खुणा दिसतात.

म्हणजे पाऊस कमी होणे हा कोणाच्या पापाचा कोप नव्हे. त्याला कारणे असतात, ती शोधता येतात. आणि पाणी बिघडवण्यात माणसाचा हात असेल, तर ते सुधारणेही त्याच्याच हाती आहे.

मुलांनो, घरात एक वही घाला. वळवाची पहिली सर कधी आली, कडुलिंबावर भुंगेरे कधी दिसले, विहीर कधी आटली, हे दरवर्षी तारखेसह लिहा. आजीने सांगावे, नातीने लिहावे. आपल्या वाडवडिलांनी कितीतरी दुष्काळ सोसले. पुढची नोंद आपण ठेवू.